गोणीतली भुतं



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचन-लेखन बंद ठेवलं होतं. आता बंदी उठली आहे, आणि डोक्यात बरंच साचलं आहे. त्यातलं एक आज बाहेर काढतो. जरा तिखट होईल. पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या नातेवाईकांनी "अण्णा, बीपी सांभाळा" म्हणून फोन करू नयेत. बीपी ठीक आहे.

विषय आहे भुतं. हसू नका.

तर झालं असं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका वाचनालयाने जुन्या पुस्तकांची छाननी काढली. निवृत्त शिक्षक म्हणून मलाही बोलावणं होतं. चहा झाला, बिस्किटं झाली, कपाटं उघडली. मुलांच्या कपाटातलं एकेक पुस्तक काढायचं आणि दोन ढीग करायचे, ठेवायचं आणि काढायचं. पाहता पाहता काढायच्या ढिगात नारायण धारप गेले, रत्नाकर मतकरी गेले. मुखपृष्ठावर कवटी असलेलं एक तर न उघडताच गेलं. मी कारण विचारलं. समितीतले एक तरुण शिक्षक, माझेच जुने विद्यार्थी, म्हणाले, "सर, भुताखेतांची पुस्तकं आहेत ही. मुलांमध्ये अंधश्रद्धा वाढते." दुसरे एक गृहस्थ, जे स्वतः कविता करतात, ते म्हणाले, "आणि वाङ्मयीन मूल्य काय? शून्य. नुसता टाइमपास."

दोन वाक्यांत निकाल. माझं म्हणणं सगळ्यांनी ऐकून घेतलं, माना डोलावल्या, आणि पुस्तकं कांद्याच्या गोणीत भरली गेली. रद्दीवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. मी त्याच्या आधी सकाळीच जाऊन रद्दीच्या भावाने पैसे मोजले आणि गोणी पुतण्याच्या पिकअपमध्ये टाकून निमगावला आणली. तेव्हापासून ती आमच्या ओट्यावर आहे. सौभाग्यवती रोज विचारतात, "अहो, हे कधी हलवणार?"

हलवणार नाही. का, ते सांगतो.

आधी अंधश्रद्धेचा आरोप घेऊ.

२०१४ साली आम्ही दोघं थोरलीकडे न्यू जर्सीला तीन महिने होतो. नातू तेव्हा सातवीत. ऑक्टोबरात त्याला शाळेतून वॉशिंग्टन इर्व्हिंगची 'स्लीपी हॉलो'ची गोष्ट वाचायला दिली होती. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेला माणूस. इंग्रजीच्या पेपराला पास होण्यापुरतीच ओळख ठेवलेली. पण घरात बसून करणार काय? नातू मोठ्याने वाचायचा, मी शब्दकोश मांडीवर घेऊन बसायचो. अर्थ कळला की तो मी आजीला मराठीत सांगायचा, असा आमचा तिघांचा वर्ग भरत असे.

ही गोष्ट १८२० ची. तिचा नायक आहे शाळामास्तर! इकाबॉड क्रेन त्याचं नाव. उंच, हडकुळा, खादाड. पगार जेमतेम, म्हणून ज्यांची मुलं शिकवायची त्यांच्याच घरी आठवडा-आठवडा राहायचं आणि जेवायचं. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, तसा हा वार लावलेला मास्तर. गावातल्या एका श्रीमंत शेतकऱ्याच्या मुलीवर त्याचा डोळा, आणि शेतावरच्या सुगीवर त्याहून जास्त. त्याच मुलीवर ब्रॉम बोन्स नावाच्या आडदांड तरुणाचाही डोळा. त्या भागात एका मुंडकं नसलेल्या घोडेस्वाराचं भूत फिरतं अशी दंतकथा. स्वातंत्र्ययुद्धात तोफगोळ्याने डोकं उडालेला तो जर्मन शिपाई. एका रात्री मेजवानीहून परतताना मास्तराच्या मागे हा घोडेस्वार लागतो आणि आपलं मुंडकं त्याच्या अंगावर फेकतो. मास्तर गावातून नाहीसा होतो. सकाळी ओढ्याच्या काठावर त्याची टोपी सापडते, आणि शेजारी फुटलेला भोपळा. पुढे ती मुलगी ब्रॉमची बायको होते, आणि भोपळ्याचा विषय निघाला की ब्रॉम खो खो हसतो.

आता लक्ष द्या. मास्तराकडे एक पुस्तक असतं. कॉटन मेदर नावाच्या धर्मोपदेशकाने चेटकिणींवर लिहिलेलं. ती कथा नव्हे, हकिकत म्हणून, पुराव्यांसह लिहिलेली. मास्तर त्यातलं अक्षर न् अक्षर खरं मानतो. ब्रॉमला मात्र भुताची गोष्ट ही गोष्ट आहे हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर तो भोपळा हातात घेऊ शकतो. दोघांनीही त्याच भुतांच्या गोष्टी ऐकल्यात. एक पळाला, एक हसला. फरक कशाने पडला? गोष्ट कशी ऐकायची हे एकाला माहीत होतं, दुसऱ्याला नव्हतं.

आणखी एक गंमत. मास्तर नाहीसा झाल्यावर ज्याच्या घरी तो राहत होता तो शेतकरी त्याची ती पुस्तकं जाळून टाकतो आणि ठरवतो की आता पोरांना शाळेतच घालायचं नाही. दोनशे वर्षांपूर्वी इर्व्हिंगने आमच्या वाचनालयाची बैठक लिहून ठेवली आहे, असं मला त्या गोणीकडे बघून वाटतं.

एका रविवारी जावयांनी ते गाव दाखवलं. न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसन नदीच्या काठावर आहे. पूर्वी त्याचं नाव नॉर्थ टॅरीटाउन होतं. १९९६ मध्ये गावाने ते बदलून गोष्टीवरून स्लीपी हॉलो करून घेतलं. तिथल्या दफनभूमीत इर्व्हिंगची कबर आहे. आणि तिथल्या हायस्कूलच्या खेळाडूंचं चिन्ह काय असावं? तोच बिनमुंडक्याचा घोडेस्वार! शाळेने भुताला संघात घेतलं आहे. त्या गावात अंधश्रद्धा वाढल्याचं मला काही दिसलं नाही. नळाला पाणी होतं, वाचनालय उघडं होतं.

"ती अमेरिका आहे, सर. इथे लोकांना खरंच भुतं वाटतात," असं कुणी म्हणेल. बरं, मग तिथे लोकांना खरंच भुतं वाटत होती त्या काळाकडे जाऊ. १६९२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम भागात काही मुलींना झटके येऊ लागले आणि चेटूक केल्याचे आरोप सुरू झाले. शेजाऱ्याने शेजाऱ्याचं नाव घेतलं. एकोणीस जणांना फाशी दिलं. एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून चिरडून मारलं. हे सगळं कायद्याने, न्यायाधीशांसमोर, देवाचं नाव घेऊन झालं. त्या न्यायाधीशांपैकी सॅम्युएल स्यूअल यांनी १६९७ मध्ये चर्चमध्ये उभं राहून जाहीर क्षमा मागितली. जॉन हॅथॉर्न नावाच्या दुसऱ्याने कधीच मागितली नाही.

या हॅथॉर्नच्या वंशात १८०४ साली, सेलममध्येच, नॅथॅनिएल हॉथॉर्न जन्मला. त्याने आपल्या आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवून घेतलं. त्या खापरपणजोबापासून तेवढंच अंतर, असं पुष्कळ जण मानतात. १८३५ मध्ये त्याने 'यंग गुडमन ब्राउन' ही गोष्ट छापली. एक तरुण नवरा रात्री बायकोला घरी सोडून जंगलात जातो. तिथे सैतानाच्या सभेला कोण कोण जमलंय? गावचे धर्मगुरू, त्याला लहानपणी धर्माचे पाठ शिकवणारी म्हातारी, सगळे सभ्य लोक. आणि शेवटी त्याची स्वतःची बायको. सकाळी तो परत येतो तर गाव नेहमीसारखं. ते स्वप्न होतं की खरं, लेखक सांगत नाही. पण त्या दिवसापासून त्या माणसाचा कुणावरच विश्वास उरत नाही आणि तो तसाच कडवट होऊन मरतो.

आता मला सांगा, ही गोष्ट अंधश्रद्धा वाढवते का? सेलमच्या कोर्टात जो पुरावा म्हणून चालला तोच प्रकार हॉथॉर्नने गोष्टीत आणला आणि दाखवलं की शेजाऱ्यात सैतान दिसायला लागला की माणसाचं काय होतं. खापरपणजोबाने न मागितलेली क्षमा खापरपणतवाने गोष्ट लिहून मागितली, असं मी समजतो. आणि त्याच राज्यातली २०२२ ची हकिकत ऐका. १६९३ मध्ये चेटूक केल्याबद्दल दोषी ठरलेल्या एलिझाबेथ जॉन्सन या बाईचं नाव तेवढं निर्दोष ठरवायचं राहून गेलं होतं. आठवीच्या एका वर्गातल्या मुलांनी नागरिकशास्त्राचा उपक्रम म्हणून तिचा पाठपुरावा केला आणि विधिमंडळाने ३२९ वर्षांनी तिला निर्दोष ठरवलं. आठवीची मुलं! चेटकिणीचा विषय मुलांपासून लपवला असता तर हे झालं असतं का?

इथवर मी फार शहाण्यासारखा बोलतोय. आता माझं स्वतःचं सांगतो. हे घरच्यांनाही माहीत नाही.

१९८४ चा पावसाळा. मी तेव्हा इथून लांबच्या एका गावात शाळेवर होतो. नववीच्या तासाला मागच्या बाकावरचा एक मुलगा मांडीवर पुस्तक ठेवून वाचताना सापडला. धारपांची कादंबरी. मी ती ओढून घेतली, वर्गासमोर टरकावली आणि त्याला दिवसभर बाहेर उभं केलं. वर भाषण दिलं, विज्ञानयुग, आगरकर, गाडगेबाबा. पुस्तक वाचनालयाचं होतं, दंड त्याच्या बापाने भरला. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी. समाजसुधारणा केल्यासारखं.

त्याच पावसाळ्यात जवळच्या वस्तीवर एक लहान मूल जुलाबाने गेलं आणि दोन घरच्या म्हशी आटल्या. देवऋषाकडे कौल लावला गेला. नाव निघालं एका विधवेचं. दिराशी तिचा दीड एकराचा वाद होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका रात्री वीस-पंचवीस माणसं तिच्या दारासमोर जाऊन उभी राहिली. माझी भाड्याची खोली तिथून दोनशे पावलांवर. आवाज येत होता. बाईचाही येत होता. मी कंदिलाची वात कमी केली आणि बसून राहिलो. सकाळी तिचा भाऊ आला आणि तिला एस.टी.ने घेऊन गेला. ती परत आली नाही. जमीन दीर कसू लागला. मी शाळेत गेलो, हजेरी घेतली, फळ्यावर सुविचार लिहिला.

दारासमोर उभ्या राहिलेल्यांपैकी एकाने तरी धारप वाचले होते का? बहुतेकांनी कुठलंच पुस्तक वाचलं नव्हतं. धारप वाचणारा जो एकटा होता त्याला मी वर्गाबाहेर काढलं होतं.

पुष्कळ वर्षांनी तो मुलगा मला आळेफाट्याच्या स्टँडवर भेटला. आता नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा व्यापार करतो. पाया पडला. चहा पाजला. मी ओशाळून त्या पुस्तकाचा विषय काढला तर हसला. म्हणाला, "सर, मी नंतर दुसरीकडून मिळवून पुरं केलं. शेवटी भूत मरतं. तुम्ही शेवट वाचू दिला नव्हता." मग जरा थांबून म्हणाला, "सर, त्या बाईंचं पुढं काय झालं?" मला सांगता आलं नाही. मी कधी चौकशीच केली नव्हती.

एडगर ॲलन पोची १८४३ ची एक गोष्ट आहे. खून करून प्रेत जमिनीच्या फळ्यांखाली पुरलेल्या माणसाला पोलिसांसमोर बसल्या बसल्या त्या मेलेल्याचं काळीज धडधडताना ऐकू येतं. आवाज वाढत जातो, आणि शेवटी तो स्वतःच ओरडून कबुली देतो. न्यू जर्सीत नातू ती वाचत असताना मी त्याला मधेच थांबवलं आणि बाहेर जाऊन आलो. त्याला वाटलं आजोबा घाबरले. बरोबरच होतं त्याचं.

म्हणून त्या तरुण शिक्षकांना माझं सांगणं आहे. ज्या डॉ. दाभोलकरांचं नाव तुम्ही बैठकीत घेतलंत त्यांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. तो कायदा उघडून वाचा. एखाद्यावर करणी केल्याचा, मंत्राने गुरांचं दूध आटवल्याचा, रोगराई आणल्याचा ठपका ठेवून त्याचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. त्या वस्तीवर घडलं ते हेच. भुताची गोष्ट लिहिणं किंवा वाचणं हा गुन्हा त्यात कुठेही नाही. आणि आगरकरांचं नाव तर मीही घेत होतो. त्याच आगरकरांनी १८८३ मध्ये 'विकारविलसित' म्हणून शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चा मराठी अनुवाद प्रसिद्ध केला. त्या नाटकाची सुरुवात कशाने होते? बापाच्या भुताने! आमच्या समितीने आगरकरांनाही गोणीत घातलं असतं.

शिवाय, मुलांच्या हातातल्या मोबाइलचं काय? 'खरं भूत कॅमेऱ्यात कैद', 'सत्य घटना' असं ओरडून सांगणारे व्हिडिओ ती रात्री पांघरुणात बघतात. धारपांच्या पुस्तकावर 'कादंबरी' असं छापलेलं असतं आणि मतकरींच्या पुस्तकावर 'कथासंग्रह'. मी खोटं सांगतोय, चला गंमत बघू, असा करार तिथे पहिल्या पानावर होतो. व्हिडिओ हा करार करत नाही, देवऋषीही करत नाही.

आता दुसरे गृहस्थ. कवी. वाङ्मयीन मूल्य शून्य म्हणणारे.

इंग्रजीच्या विभागात गेलं की या अमेरिकन गोष्टींना 'रोमँटिक' आणि 'गॉथिक' अशी भारदस्त नावं आहेत. रोमँटिक म्हटलं की आपली पोरं प्रेमप्रकरण समजतात. इथे अर्थ वेगळा. हिशेबी बुद्धीपेक्षा भावना आणि कल्पना, शहरापेक्षा रान आणि डोंगर, आजच्यापेक्षा काल. आणि गॉथिक म्हणजे त्याचीच अंधारी बाजू. पडका वाडा, तळघर, घराण्याचा शाप, कोंडलेली बाई. युरोपात किल्ले होते म्हणून तिथे हे पीक आधी आलं. अमेरिकनांकडे पडके किल्लेच नव्हते. आपल्या देशात सावली नाही, जुनेपण नाही, गूढ नाही, अशी तक्रार हॉथॉर्नने १८६० मध्ये एका प्रस्तावनेत केली आहे. मग त्यांनी काय केलं? इर्व्हिंगने डच वसाहतीतल्या दंतकथा गोळा केल्या आणि जर्मन लोककथेवरून रिप व्हॅन विंकल उभा केला. तो वीस वर्षं झोपतो आणि जागा होतो तेव्हा राजा जाऊन स्वातंत्र्य आलेलं असतं. (आपला मुचकुंद आठवला ना?) हॉथॉर्नने पूर्वजांचं पाप घेतलं. पोने सांगितलं की माझ्या कथांमधलं भय जर्मनीतून आलेलं नाही, ते माणसाच्या आत्म्यातलं आहे. आणि बोलल्याप्रमाणे वाडा माणसाच्या डोक्यात बांधला.

आमच्याकडे उलट. जुन्नर तालुक्यात काय नाही? शिवनेरी आहे. मानमोडीच्या डोंगरात लेण्यांच्या एका गटाला भूतलेणीच म्हणतात. आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे, आणि त्याच तालुक्यात खोडदला आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकणारी दुर्बीण आहे. माझी आजी मिसरी लावता लावता बेल्ह्याच्या बाजाराहून रात्री परतताना लागलेल्या चकव्याची, डोहातल्या साती आसरांची, पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट सांगायची. ऐन वेळी थांबायची, दात घासायची, आणि आम्ही गोधडीत एकमेकांना चिकटायचो. सामानाला तोटा नाही. पण आम्ही त्याला साहित्यात पाट मांडला नाही.

सुरुवातीला मांडला होता. हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१), रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या मराठीतल्या अगदी आरंभीच्या कादंबऱ्या, आणि त्या अद्भुतरम्यच होत्या. पुढे हरिभाऊ आपटे आले आणि कादंबरीने समाजाकडे तोंड वळवलं. ते फार चांगलं झालं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तेव्हापासून वास्तव ते उच्च आणि अद्भुत ते हलकं अशी जी जातव्यवस्था बसली ती उठली नाही.

आणि गंमत अशी की खुद्द हरिभाऊंनीच मराठीतलं सगळ्यात भयंकर घर लिहिलंय! 'पण लक्षात कोण घेतो?' पुन्हा वाचा. यमूचं सासर, तो शंकरमामंजी, आणि नवरा गेल्यावर त्या पोरीचं बळजबरीने केलेलं केशवपन. पोच्या १८३९ च्या एका गोष्टीत अशर घराण्यातला भाऊ आपल्या बहिणीला जिवंतपणीच तळघरात पुरतो आणि वादळी रात्री ती बाहेर येते. यमूलाही जिवंतपणीच पुरलं होतं. फक्त तळघराची गरज पडली नाही, माजघर पुरलं. भुताशिवायची भयकथा आहे ती. हरिभाऊंना वास्तववादी म्हणून आपण देव्हाऱ्यात ठेवतो आणि तेच भय घेऊन बसलेल्या धारपांना रद्दीत घालतो. मला हा हिशेब पटत नाही.

जी. ए. कुलकर्णींचं बघा. धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवणारा माणूस. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. त्यांच्या स्वतःच्या कथांमध्ये नियती, शाप, ओसाड रस्ते, सापळ्यात अडकलेली माणसं. 'काजळमाया'ला १९७३ चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. त्यांना कुणी टाइमपास म्हणत नाही, कारण मुखपृष्ठावर कवटी नाही. मतकरींनी आपल्या कथांना 'गूढकथा' म्हटलं तर जरा तरी आदर मिळाला. धारपांनी सरळ भयकथा लिहिल्या, भरपूर लिहिल्या, आणि २००८ मध्ये ते गेले तरी वाचनालयाच्या मागच्या कपाटातून पुढे आले नाहीत.

धारपांचं सगळंच उत्तम होतं असं माझं म्हणणं नाही. पुष्कळ घाईचं आहे. 'लुचाई'सारख्या कादंबरीची कल्पना स्टीफन किंगची आहे आणि घेतलेलं ऋण लेखकाने मोकळेपणी मान्य करावं या मताचा मीही आहे. पण इर्व्हिंगने जर्मन लोककथा घेतली तर तो अमेरिकन कथेचा जनक, आणि धारपांनी अमेरिकन कल्पना घेऊन ती मराठी वाड्यात, मराठी माणसांत मुरवली तर ते हलके, हे कसं? २०१८ मध्ये 'तुंबाड' हा हिंदी सिनेमा आला. त्यातल्या आजीच्या भागामागे धारपांची 'आजी' ही कथा आहे, आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलं आहे. २०२४ मध्ये तो पुन्हा लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. त्याच वर्षी 'मुंज्या' चालला. आमच्या समितीतल्या दोघांनी हे दोन्ही सिनेमे पाहिले होते, मुलाबाळांना घेऊन, पॉपकॉर्न खात! मराठीत छापलेलं भूत घाण, हिंदीत नाचलेलं भूत कला.

मुलांच्या मनावर परिणाम होतो हे मला मान्य आहे. आठ वर्षांच्या पोराला धारप देऊ नयेत. अकरा-बाराच्या पुढे द्यावेत. आमच्याकडे आता भुतांची भीती कुणाला राहिली नाही, बिबट्याची आहे, आणि ती खरी आहे. दिवस मावळला की उसाच्या कडेने कुणी पोराला एकटं सोडत नाही. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, तेवढ्यावरून 'वनखात्यानेच गाडीतून आणून सोडले' ही अफवा तर दर आठवड्याला नव्या गावाच्या नावाने फिरते. भीती टळत नाही, मंडळी. भ्यायलेल्या गावात कुणाचं तरी नाव निघायला वेळ लागत नाही, हे मी १९८४ ला पाहिलंय. भीती वाटत असतानाही डोकं ठिकाणावर ठेवायची सवय मुलांना लागायला हवी, आणि ती लावायला ओट्यावर बसून वाचलेल्या चारशे पानांइतकी सुरक्षित जागा मला दुसरी माहीत नाही.

शेजारचा नातू, सहावीतला, गेल्या महिन्यात गोणीशी घुटमळत होता. मी मतकरींचं एक पुस्तक दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आणलं. "झालं का वाचून?" तर म्हणाला, "निम्मं झालं. पण रात्री आमच्या घरात नको वाटतं, इथं ठेवतो. सकाळी येऊन वाचीन." आता रोज सकाळी शाळेआधी येतो, पायरीवर बसून चार पानं वाचतो आणि पुस्तक पुन्हा गोणीत ठेवून जातो. सौभाग्यवतींनी त्याच्यासाठी पायरीवर पोतं अंथरलंय, पण गोणीचा प्रश्न त्यांनी मागे घेतलेला नाही.

वाचनालयाच्या समितीला मी पत्र लिहिलं आहे की कपाटात जागा करा, पुस्तकं फुकट परत देतो. उत्तर आलेलं नाही. आलं की इथे लिहीन. तोवर कुणाकडे धारप-मतकरींची जुनी पुस्तकं माळ्यावर पडली असतील तर रद्दीत घालू नका, निमगाव सावाला पाठवून द्या. एस.टी.ने पाठवलीत तरी चालतील. विरुद्ध मत असेल तर तेही पाठवा. फक्त आधी एखादं पुस्तक शेवटापर्यंत वाचा, मग पाठवा.

आणि थोरलीला: हो, त्या रात्रीचं मी तुझ्या आईलाही आजच सांगितलं. लिहायच्या आधी.

— अण्णा